चौक मोजून काय कळते?

वस्तीतले रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, यावर तिथली माणसे किती चालतात हे काही अंशी ठरते. दुकान जवळ दिसते, पण मधली गल्ली बंद असेल तर वळसा पडतो आणि माणूस गाडी काढतो. हे तपासायचे तर रस्त्यांची जोडणी आकड्यांत मांडावी लागते.

सर्वांत रुळलेले माप चौकांच्या घनतेचे: एका चौरस किलोमीटरमध्ये तीन किंवा अधिक रस्ते मिळतात अशी ठिकाणे किती. दुसऱ्या मापात दोन चौकांमधल्या रस्त्याच्या तुकड्यांची संख्या, चौक आणि बंद टोके यांच्या एकूण संख्येने भागतात. बंद गल्ल्यांच्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या वसाहतीत हा भागाकार १ च्या आसपास राहतो, तर चौकटीच्या जाळ्यात तो २ कडे सरकतो.

मात्र हा भागाकार एकटा फसवतो. अमेरिकेतील पोर्टलंड आणि सॉल्ट लेक सिटी या दोन्ही शहरांच्या मध्यभागी रस्त्यांची चौकटच आहे, त्यामुळे तो सारखाच येतो. पण पोर्टलंडचे ब्लॉक २०० फुटांचे, सॉल्ट लेक सिटीचे ६६० फुटांचे. रस्त्यांची रुंदी धरून हिशेब केला, तर चौकांची घनता पहिल्या ठिकाणी दीडशेच्या वर जाते, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम १७ भरते. चालणाऱ्याला जाणवतो तो हा फरक.

तिसरी पद्धत घरापासून सुरू होते. घराभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर होते. रस्त्यानेच एक किलोमीटर चालायचे ठरवले, तर अगदी दाट चौकटीतही सुमारे २ चौरस किलोमीटरच आवाक्यात येतात. बंद गल्ल्यांच्या वस्तीत त्याहून बरेच कमी.

खरी कटकट नकाशात असते. दुभाजकाचा रस्ता दोन रेषांनी काढलेला असला, की एका चौकाचे दोन होतात. उड्डाणपुलाखालून जाणारा रस्ता पुलाला मिळाल्यासारखा दिसतो. उलट, पायी जाण्याचा बोळ नकाशात नसेल तर उघडी वाट बंद ठरते. म्हणून द्रुतगती मार्ग वगळून आणि पायवाटा भरूनच मोजणी करावी लागते.

संशोधक लॉरेन्स फ्रँक व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अटलांटात चौकांची घनता, घरांची दाटी आणि जमिनीचा मिश्र वापर एकत्र करून निर्देशांक बनवला आणि लोकांची हालचाल कमरेला लावलेल्या यंत्राने मोजली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चालण्यास सर्वांत सोयीच्या वस्त्यांतील ३७ टक्के लोकांनी दिवसाला अर्धा तास व्यायामाची शिफारस गाठली होती. सर्वांत गैरसोयीच्या वस्त्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. यातला किती वाटा रस्त्यांचा, हे मात्र अशा एकवेळच्या पाहणीतून सुटे करता येत नाही, कारण चालण्याची आवड असलेली माणसे घरही तशाच वस्तीत शोधतात.