दहा ओळींचा प्रोग्राम आणि एक पदवी

जॉन बेंटली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्गोरिदम शिकवत असत. पीएच.डी.साठी नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी पहिल्याच तासाला एक काम दिलं : क्रमाने लावलेल्या यादीतून हवी ती नोंद शोधणारा प्रोग्राम लिहा. काम जेमतेम दहा ओळींचं. मग त्यातला एक प्रोग्राम त्यांनी वर्गासमोर उलगडून दाखवला. तो चुकीचा होता. बहुतेकांचे चुकीचेच होते.

हे काम नेमकं काय, ते पाहण्यासारखं आहे. अकारविल्हे लावलेली दहा लाख नावं आहेत आणि त्यांतलं एक शोधायचं आहे. पहिल्यापासून बघत गेलं तर दहा लाख वेळा तपासावं लागू शकतं. त्याऐवजी थेट मधलं नाव बघायचं. हवं ते नाव त्याच्या आधीचं असेल तर पुढची अर्धी यादी सोडून द्यायची. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. वीस वेळा बघितलं की काम झालं. या पद्धतीला बायनरी सर्च म्हणतात आणि कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला ती प्रत्येकाला शिकवतात.

बेंटलींच्या त्या वर्गात जोशुआ ब्लॉक नावाचे विद्यार्थी होते. पुढे जावा या भाषेसोबत जगभर गेलेला बायनरी सर्च त्यांनीच लिहिला. तो जवळजवळ नऊ वर्षं बिनतक्रार चालला. २००६ मध्ये ब्लॉक यांनी स्वतःच जाहीर केलं, की त्यात चूक आहे आणि बेंटलींच्या गाजलेल्या पुस्तकातल्या प्रोग्राममध्येही तीच चूक आहे! यादीचा मध्य काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनाने भागलं होतं. शाळेतल्या गणितात हे बिनचूक. पण कॉम्प्युटर पूर्णांकासाठी ठरावीक जागा राखतो. जावाच्या साध्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. बेरीज त्यापुढे गेली की उत्तर ऋण येतं आणि प्रोग्राम कोसळतो. शंभर कोटींहून मोठ्या याद्या कुणाजवळ नव्हत्या, तोवर ही चूक कुणालाच नडली नाही.

गणितात बरोबर असलेली गोष्ट यंत्रावर का चुकते, हे ओळखण्याची नजर म्हणजे कॉम्प्युटर सायन्स.

बारावीनंतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए की बीई अशी चर्चा घराघरांत सुरू होते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘जावा शिकवतात की पायथन?’ नोकरीच्या मुलाखतीत भाषा विचारली जाते, त्यामुळे तो प्रश्न स्वाभाविक आहे. पण एक भाषा नीट आली की दुसरी काही महिन्यांत हाताखाली येते. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा कॉम्प्युटर आला, तेव्हा प्रोग्राम फोरट्रानमध्ये लिहून पंच कार्डांवर उतरवावा लागे. व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे शिकवायला सुरुवात केली, १९६५ मध्ये एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना हा विषय घेता येऊ लागला आणि १९७८ मध्ये बी.टेक. सुरू झालं. ती कार्डं गेली, ते यंत्र गेलं. कमी पायऱ्यांत उत्तर कसं काढायचं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पायऱ्यांचा हिशेब किती मोलाचा असतो, ते बघा. दहा लाख नावं क्रमाने लावायची आहेत. नवशिक्या विद्यार्थ्याला सुचते ती पद्धत, म्हणजे प्रत्येक नावाची इतर प्रत्येकाशी तुलना. तशा सुमारे पन्नास हजार कोटी तुलना होतात. मर्ज सॉर्ट या पद्धतीने दोन कोटींत भागतं. सेकंदाला दहा कोटी तुलना करणाऱ्या यंत्रावर पहिली पद्धत तासाभरापेक्षा जास्त वेळ घेईल. दुसरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपेल. महागडा कॉम्प्युटर घेऊन ही तफावत भरून निघत नाही.

अभ्यासक्रमात मुलं सर्वांत जास्त धसका घेतात तो टीओसीचा, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा. केटी लागते ती बहुधा इथेच. कॉम्प्युटरला मुळात काय जमणारच नाही, हे त्यात सिद्ध करतात. कुठलाही प्रोग्राम दिला तरी तो कधी थांबेल की अखंड चालत राहील, हे हमखास सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या कामातून निघालं. विजेवर चालणारा सर्वसाधारण कॉम्प्युटर तेव्हा अस्तित्वातही नव्हता.

पदवीचा अभ्यास किती दूर नेऊ शकतो, याचं उदाहरण पुन्हा कानपूरचंच. नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी बी.टेक.च्या प्रोजेक्टसाठी जुना प्रश्न निवडला : दिलेली संख्या मूळसंख्या आहे का, हे खात्रीने आणि झटपट कसं ठरवायचं? दोनशे अंकी संख्येला एकेका लहान संख्येने भागून बघायचं म्हटलं तर विश्वाचं आयुष्यही पुरणार नाही. प्राध्यापक मणींद्र अग्रवाल यांच्यासह त्यांनी ऑगस्ट २००२ मध्ये अशी रीत मांडली, की अंक वाढले तरी श्रम आवाक्यात राहतात आणि उत्तरात शक्यतेला वाव उरत नाही. दोन्ही विद्यार्थ्यांना पदवी मिळाली ती त्याच वर्षी. २००६ मध्ये तिघांना गोडेल पुरस्कार मिळाला. व्यवहारात याहून वेगवान, पण अत्यल्प चुकीची शक्यता असलेल्या चाचण्याच वापरल्या जातात. तरीही शतकानुशतकं छळणाऱ्या प्रश्नाचा निकाल लागला, हे काम मोठंच.

आज सांगितलं की कोड लिहून देणारी एआयची साधनं आली आहेत. दहा ओळी आता क्षणात मिळतात. त्या कुठे कोसळतील, हे ओळखणारा माणूस लागतोच. म्हणून कॉलेज निवडताना भाषांच्या यादीआधी दोन गोष्टी विचाराव्यात. डिस्क्रीट मॅथ्स कोण शिकवतं? आणि प्रॅक्टिकलला मुलं स्वतः प्रोग्राम लिहितात, की मागच्या वर्षीची जर्नल उतरवून काढतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्राचार्यांपेक्षा शेवटच्या वर्षाची मुलं खरं देतात. दोन्ही उत्तरं निराशाजनक निघाली, तर आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटेलवर मोफत बघता येतात. पैसे भरावे लागतात ते प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच.