कूपर्सटाउनचा उंबरठा

अमेरिकेत बेसबॉलपटूच्या कारकिर्दीचा अखेरचा निवाडा न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावात होतो. येथील ‘हॉल ऑफ फेम’ या संग्रहालयात निवडक खेळाडूंचे ब्राँझचे फलक लावले जातात. पहिली निवड 1936 मध्ये झाली. टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे पहिले पाच मानकरी होते. संग्रहालय 1939 मध्ये खुले झाले. तेव्हापासून फलक कोणाचा लागावा आणि कोणाचा नाही, यावर दरवर्षी वाद झडत आले आहेत.

निवडीचा मुख्य अधिकार ‘बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ या क्रीडापत्रकारांच्या संघटनेकडे आहे. सलग दहा वर्षे सदस्य राहिलेल्या पत्रकाराला मत देता येते. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षे झालेला असावा लागतो. मतदार जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करतो. निवडीसाठी 75 टक्के मते लागतात आणि पाच टक्क्यांपेक्षा कमी मते पडली की नाव मतपत्रिकेवरून उतरते. पूर्वी खेळाडूला पंधरा वर्षे संधी मिळे, 2014 पासून ती मुदत दहा वर्षांवर आली. शंभर टक्के मते मिळवणारा पहिला खेळाडू मारियानो रिव्हेरा. 2019 मध्ये सर्व 425 मतदारांनी त्याला पसंती दिली.

किती धावा किंवा किती विजय हवेत, हे नियमांत कोठेही लिहिलेले नाही. म्हणून पूर्वी काही गोल आकडेच मापदंड बनले: 3000 हिट, 500 होमरन, किंवा चेंडू टाकणाऱ्या पिचरसाठी 300 विजय. पण विजय एकट्या पिचरच्या हाती नसतो. बर्ट ब्लायलेव्हन अनेकदा दुबळ्या संघांकडून खेळला आणि 287 विजयांवर थांबला. 3701 फलंदाजांना त्याने स्ट्राइकआउट केले होते, तरी 1998 च्या पहिल्या मतदानात त्याला जेमतेम साडेसतरा टक्के मते मिळाली. संघाचे बळ वजा करून पिचरची स्वतःची कामगिरी तपासणारे विश्लेषण रुळत गेले, तसे त्याचे पारडे जड झाले. 2011 मध्ये, चौदाव्या प्रयत्नात, तो निवडला गेला.

मैदानाचाही प्रश्न असतो. लॅरी वॉकर अनेक वर्षे डेन्व्हरमध्ये खेळला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवर असल्याने तेथील विरळ हवेत चेंडू लांब जातो. त्यामुळे त्याच्या फलंदाजीचे आकडे फुगलेले मानले जात. क्षेत्ररक्षण, धावणे आणि मैदानाचा परिणाम हिशेबात धरणारी ‘वॉर’सारखी मापे मान्य झाल्यावर त्याचे मोल नव्याने ठरले. 2014 मध्ये 10.2 टक्के मते मिळालेला वॉकर 2020 मध्ये, अखेरच्या संधीत, 76.6 टक्के मतांनी आत गेला.

दुसरा जुना वाद शिखर मोठे की सातत्य, असा आहे. सँडी कूफॅक्सने हाताच्या दुखण्यामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडला. त्याचे विजय फक्त 165, पण शेवटच्या चार हंगामांत त्याने तीनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. 1972 मध्ये तो पहिल्याच वर्षी निवडला गेला. याउलट डॉन सटन वर्षानुवर्षे टिकून राहिला, 324 विजयांपर्यंत पोहोचला, तरी त्याला पाचव्या वर्षापर्यंत थांबावे लागले. या दोन्ही बाजूंचा मेळ घालण्यासाठी जे जाफी या लेखकाने ‘जॉज’ हे माप तयार केले. त्यात खेळाडूचे संपूर्ण कारकिर्दीचे वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचे वॉर यांची सरासरी काढून ती त्याच जागेवर खेळलेल्या, आधी निवडल्या गेलेल्या खेळाडूंशी ताडून पाहतात.

तुलना कोणाशी करायची, यावरही मतभेद होतात. पत्रकारांनी नाकारलेल्या खेळाडूंचा फेरविचार सोळा जणांची समिती करते, आणि तेथे बारा मते पुरतात. हॅरोल्ड बेन्सला पत्रकारांकडून कधीही 6.1 टक्क्यांहून अधिक मते मिळाली नव्हती, पण 2018 च्या अखेरीस समितीने त्याला निवडले. तेव्हापासून ‘बेन्स आत असेल तर हा का नाही?’ असा सवाल अनेकांच्या बाजूने केला जातो. सर्वांत खालची पायरी प्रमाण मानली तर दार फार रुंद होईल, असे त्यावरचे उत्तर असते.

सर्वांत कडू वाद मात्र चारित्र्याचा आहे. खेळातील कौशल्याबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही पाहावे, असे मतदानाचा नियम सांगतो. बॅरी बाँड्सच्या नावावर विक्रमी 762 होमरन आहेत, तर रॉजर क्लेमेन्सच्या नावावर 354 विजय आणि सात साय यंग पुरस्कार. दोघांवरही उत्तेजक द्रव्यांच्या वापराचा आरोप होता. दोघांनीही जाणूनबुजून ती घेतल्याचे नाकारले, आणि लीगने त्यांना त्यासाठी निलंबित केले नाही. 2022 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ते 66 टक्क्यांच्या आसपास अडकले. त्यांचे समर्थक दोन दाखले देतात. चेंडू बेकायदा ओला करून टाकल्याचे आत्मचरित्रात सांगणारा गेलॉर्ड पेरी 1991 मध्ये निवडला गेला. उत्तेजकांच्या वापराच्या काळात बेसबॉलचा कारभार पाहणारे आयुक्त बड सेलिग यांचीही पुढे निवड झाली. विरोधकांच्या मते औषधांनी विक्रमांचा पायाच भ्रष्ट केला, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

पीट रोझचे प्रकरण याहून वेगळे आहे. 4256 हिटचा विक्रम करणाऱ्या रोझवर संघाचा व्यवस्थापक असताना बेसबॉलवर पैजा लावल्याबद्दल 1989 मध्ये आजीव बंदी आली. बंदी घातलेल्यांचा विचार होणार नाही, असा नियम हॉल ऑफ फेमने 1991 मध्ये केला, आणि रोझचे नाव मतपत्रिकेवर कधी आलेच नाही. सप्टेंबर 2024 मध्ये तो वारला. मे 2025 मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी बंदी मृत्यूबरोबर संपते असा निर्णय दिल्याने त्याचा मार्ग मोकळा झाला. 1919 च्या जागतिक मालिकेतील निकालनिश्चितीमुळे कायम बाहेर ठेवलेला ‘शूलेस’ जो जॅक्सनही त्याच निर्णयाने पात्र ठरला. दोघांची नावे जुन्या काळातील खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीपुढे डिसेंबर 2027 मध्ये येऊ शकतात.