साथ कां ओसरते ?

पनवेल हें मुंबई व घाट यांच्या वाटेवरील ठिकाण असल्यामुळें माणसें, माल व गुरें यांची येजा येथें नेहमींचीच. तेव्हां मुंबईच्या एका साथीवरून निघालेलें गणित आमच्या शेतकरी बंधूंस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून तें येथें देत आहों.

१८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग पुढें कित्येक वर्षें फिरफिरून येत राहिला. १९०५ च्या डिसेंबरापासून १९०६ च्या जुलैपर्यंत त्यानें घेतलेल्या बळींचे आठवड्यावार आंकडे नमूद होते. १९२७ सालीं केर्मॅक व मॅकेंड्रिक या एडिंबरो येथील संशोधकांनीं आपलें गणित त्यांवर पडताळून पाहिलें. मॅकेंड्रिक यांनीं हिंदुस्थानांत वैद्यकीय नोकरी केलेली होती. केर्मॅक यांची दृष्टि १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील अपघातांत गेली होती.

साथ ओसरते ती सर्व लोकांस रोग होऊन गेल्यामुळें, कीं रोगाचा जोर मंदावल्यामुळें, हा त्यांचा प्रश्न. त्यांनीं दाखविलें कीं, यांपैकीं एकाहि कारणाची गरज नाहीं. लोकांचे तीन वर्ग करावे : रोग होऊं शकेल असे, रोगी, आणि बरे होऊन वा मरून साथीबाहेर गेलेले. पहिला वर्ग घटत जाऊन एका मर्यादेखालीं आला, म्हणजे पुष्कळ लोक अद्याप रोगाविना राहिले असतांहि साथ उतरणीस लागते.

हाच हिशेब गोठ्यास लावूं. समजा, लाळ-खुरकुताचें एक जनावर चार जनावरांस रोग देतें. त्या चारांपैकीं तीन लसीनें सुरक्षित असतील, तर रोग एकासच होईल व साथ वाढणार नाहीं. तिनांहून अधिकांचें रक्षण झालें, तर ती आपोआप विझेल. उलट, निम्मींच जनावरें टोंचलीं, तर एकाचीं दोन, दोहोंचीं चार असा रोग वाढतच जाईल.

हें गणित म्हणजे भविष्य नव्हे. माणसांतील प्लेग हा मुळांत उंदरांतील प्लेगाचें प्रतिबिंब आहे, हें त्या संशोधकांसहि ठाऊक होतें. प्रत्यक्षांत बाजार, पाणवठा व ऋतु यांप्रमाणें प्रमाण बदलतें. तथापि मुख्य बोध टिकतो. बुळकांड्या रोग लसीकरण व कडक पाळत यांच्या बळावर २०११ सालीं जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.

म्हणून दर सहा महिन्यांनीं लाळ-खुरकुताची लस टोंचण्यास पथक येईल, तेव्हां आपल्या एका गोठ्यापुरता विचार करूं नये. शेजाऱ्याचें न टोंचलेलें जनावर हें आपल्याहि बैलास भय आहे, आणि गांवानें मिळून मर्यादा गांठली तरच सर्वांचा बचाव आहे.