नालीतला डास आणि रांजणातला डास

‘डास नालीतून येतात,’ असं नांदेड-लातूरकडं कुणालाही विचारलं तरी सांगतील. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळं स्वच्छ घरातही डेंग्यू शिरतो.

नालीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. तो रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा एडिस वेगळा. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं: रांजण, निळं बॅरल, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं जुनं टायर. तो चावतो दिवसा, म्हणून फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही.

‘मग पाणी साठवूच नका,’ हा सल्ला मराठवाड्यात देणं मला अन्यायाचं वाटतं. 2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. ज्या गावानं तो उन्हाळा काढला, तिथं भरलेलं बॅरल हाच घराचा आधार असतो. पाणी साठवा, पण घट्ट झाका. झाकण नसेल तर कापड ताणून बांधा. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासा. नुसतं विसळून उपयोग नाही, कारण एडिसची अंडी काठाला चिकटतात आणि कोरड्या भांड्यातही कित्येक महिने तग धरतात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ त्याच हिशोबानं ठरलेला आहे. हौद उपसता येत नसेल तर त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा.

धूरफवारणीवर लोकांचा फार भरवसा. धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना मात्र काही होत नाही. साथीत फवारणी हवीच, पण बॅरल उघडं राहिलं तर आठवडाभरात डास पुन्हा हजर.

आता नालीकडं येऊ. ‘गटार बांधलं की गाव निरोगी’ हा समज ग्रामपंचायतींमध्येही पक्का आहे. उघडी नाली पाणी घरापासून दूर नेते आणि वेशीजवळ साचवते. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं वेगळी वाट धरली. सांडपाणी घराजवळच जमिनीत जिरवायचं. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी, वर झाकण. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी आत उतरतं, गाळ टाकीत बसतो आणि तो अधूनमधून काढावा लागतो. अंगणातलं पाणी हटलं तसे डास हटले. पुढं रोजगार हमीतून असे शोषखड्डे गावोगाव झाले आणि ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव रुजलं. मात्र संडासाचं पाणी त्यात सोडू नये, विहीर-बोअरजवळ तो घेऊ नये. चिकण काळ्या मातीत पाणी सावकाश जिरतं, तिथं जाणकाराला विचारूनच खोली ठरवावी.

1986 च्या ओटावा जाहीरनाम्यानं आरोग्य संवर्धनाबद्दल जे म्हटलं, ते इथं डोळ्यांनी दिसतं: माणसाला नुसता उपदेश पुरत नाही, त्याच्या भोवतीची परिस्थितीही बदलावी लागते. पण एकट्याच्या खड्ड्यानं गल्ली सुटत नाही. शेजाऱ्याचं पाणी वाहत राहिलं तर डास तुमच्याकडंही येणारच. आणि शोषखड्डा कितीही चांगला असला, तरी तो रांजणातला एडिस थांबवू शकत नाही.

नालीतला क्युलेक्स पसरवतो त्या हत्तीरोगाचे गैरसमज सगळ्यात जुने. पाय सुजला की कुणी नशीब म्हणतं, कुणी मागच्या जन्माचं पाप. खरं कारण आहे डासातून शरीरात आलेला बारीक जंत. तो वर्षानुवर्षं अंगात राहतो, तोवर माणूस वरून धडधाकट दिसतो. म्हणून ‘मला काही झालं नाही, गोळी कशाला?’ हा प्रश्नच चुकीचा. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगग्रस्त म्हणून गणले गेले आहेत. सामूहिक मोहिमेतल्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या बऱ्या दिसणाऱ्यांनीही घ्यायच्या असतात. गोळीनंतर क्वचित ताप, मळमळ किंवा डोकेदुखी होते. बहुधा ती अंगातले जंत मरत असल्याची खूण असते आणि लवकर ओसरते. त्रास वाढला तर आरोग्य केंद्रात जावं. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं यांना या गोळ्या देत नाहीत.

आशाताई गोळ्या घेऊन दारात आल्या तर ‘नंतर घेतो’ म्हणून कोनाड्यात ठेवू नका. जेवलेले असाल तर त्यांच्यासमोरच गिळा, आणि त्यांना घरातली बॅरलंही दाखवा.