तिकिटासोबत पूरग्रस्तांना मदत? पैसे देण्याआधी हे चार प्रश्न विचारा

पोलादपूर : कुठेही पूर आला की मदतीची आवाहनं सुरू होतात. त्यात प्रवासी कंपन्याही असतात. ‘प्रत्येक तिकिटामागे १० रुपये पूरग्रस्तांना’ किंवा ‘आमच्या क्यूआर कोडवर मदत पाठवा’ असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतो. कशेडी घाटातून मुंबईला ये-जा करणाऱ्या आपल्या माणसांना असा मेसेज आला तर काय करायचं?

मदतीची किंमत महाड-पोलादपूरला सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरच्या डोंगरात २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ते पाणी सावित्रीतून खाली आलं आणि महाड शहर बुडालं. त्याच दिवशी तळियेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली, ८० हून अधिक माणसं दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. रस्ते पाण्याखाली होते, त्यामुळे तळियेला बचाव पथकं पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर आजूबाजूच्या गावकऱ्यांनीच ढिगाऱ्यात हात घातला.

म्हणजे बाहेरून गोळा झालेला पैसा पहिल्या दिवशी उपयोगी पडत नाही. तो लागतो नंतर. चिखल काढायला, भांडीकुंडी घ्यायला, पोरांच्या वह्या-पुस्तकांना, बंद पडलेली टपरी परत उभी करायला. म्हणूनच तो पैसा खरोखर पोहोचतो का, हे बघायला हवं.

१) पैसे कोणाच्या खात्यात जातात?
कंपनीच्या, ट्रस्टच्या, की मालकाच्या वैयक्तिक खात्यात? क्यूआर स्कॅन केल्यावर नाव दिसतं, ते वाचा. व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा. मुख्यमंत्री सहायता निधीला द्यायचं असेल तर मधे कोणी कशाला? थेट देता येतं.

२) परवानगी आहे का?
नोंदणीकृत ट्रस्ट नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात तीच ही परवानगी.

३) पावती कोणाच्या नावाची?
आयकरात सूट देणारी ८०जी ची पावती खासगी कंपनी स्वतःच्या नावाने देऊ शकत नाही. ती पात्र ट्रस्टची किंवा सरकारी निधीचीच हवी. २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर सूट मिळत नाही. आणखी एक गोष्ट : प्रवाशांनी दिलेले पैसे हे प्रवाशांचं दान. कंपनी ते स्वतःचा सीएसआर खर्च म्हणून दाखवू शकत नाही. ‘कंपनीने स्वतःचे किती घातले?’ हेही विचारा.

४) न विचारता पैसे कापले का?
अॅपवर तिकीट काढताना देणगीची खूण आधीच केलेली असू शकते. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात देणगी घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत मनाई केली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. मदतीच्या नावाने फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

कंपन्यांची खरी ताकद गाडीत
पैशाइतकीच गरज वाहतुकीची असते. स्वयंसेवकांना मोफत आणणं, डिकीतून कोरडा शिधा, ताडपत्र्या, पाणी पोहोचवणं, हे ट्रॅव्हल्सवाल्यांना सहज जमतं. पण गाडी हायवेवर थांबते. मग हायवेलगतच्या गावाला तीन-तीनदा किट आणि आतल्या वाडीला काहीच नाही, असं होतं.

गावाने काय करावं?
ग्रामपंचायतीने नुकसान झालेल्या घरांची वाडीवार यादी आधी तयार ठेवावी. काय हवं आणि काय नको, हे स्पष्ट सांगावं. जुन्या कपड्यांचे ढीग नकोत, तर तसं कळवावं. माल कोणी दिला, कोणाला वाटला, याची नोंद करून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

आणि महत्त्वाचं : खासगी मदत मिळाली म्हणून पंचनामा सोडू नका. सरकारी मदत पंचनाम्यावरच ठरते. चिखल काढण्याआधी घराचे, सामानाचे, मेलेल्या जनावरांचे फोटो काढा, तलाठ्याला कळवा आणि पंचनाम्यात आपलं नाव बरोबर लिहिलंय का, ते वाचूनच सही करा.