तापीकाठच्या वाटेवरील काही जुन्या खाणावळी

उपाहारगृहाची पारख सामान्य गिऱ्हाईक जिभेने करते. आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांपाशी आणखी एक साधन असते, ते म्हणजे खतावणी. कोणती खाणावळ कोणत्या प्रतीचा तांदूळ नेते, तूरडाळ निवडक मागते की लाखेची मिसळ असलेल्या स्वस्त मालावर तिचे भागते, आणि कोणत्या महिन्यापासून तिची बाकी तुंबू लागते, हे सारे आम्हांस ताटावर बसण्यापूर्वीच कळलेले असते. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा बाजारभाव आणि कायदेकानू सोडून काही निराळे लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा हाच विषय मनात आला. पेढीचा कारभार चिरंजिवांच्या हाती सोपविल्यावर गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या जुन्या खाणावळींची एक फेरी केली. तिचा हा वृत्तान्त आहे.

आमचे घराणे मूळचे अमळनेरकडील. वडिलांनी चलथाणास दुकान मांडले ते साखर कारखान्याच्या आणि सुरतच्या बाजाराच्या आशेने. एका बाजूस सुरत, दुसऱ्या बाजूस बारडोली, आणि पाठीशी थेट खानदेशात जाणारा लोहमार्ग, अशी ही मोक्याची जागा. तापी-खोऱ्याचा हा लोहमार्ग १९०० सालच्या सुमारास सुरतेपासून अमळनेरपर्यंत झाला, आणि तेव्हापासून खानदेशची डाळ, दादर ज्वारी व मिरची पश्चिमेकडे, आणि खानदेशची माणसे पोटासाठी सुरतेकडे, अशी वाहतूक अखंड चालू आहे. आमचाही निम्मा जन्म याच गाड्यांत गेला. घरचा डबा एका वेळेस पुरे, पुढे बाहेरच्या अन्नावाचून गत्यंतर नसे.

आणि बाहेरचे अन्न म्हणजे आम्हांस नुसती चवीची बाब नव्हे. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. वांगे वर्ज्य, म्हणजे खानदेशात जाऊन भरिताकडे पाठ फिरवून बसावयाचे. कच्च्या दह्याताकाबरोबर डाळीचा पदार्थ चालावयाचा नाही. आणि या सर्वांवर कडी म्हणजे सूर्यास्त. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि सौद्याची बोलणी तर नेमकी त्याच वेळी रंगात आलेली असतात! पाटीवर 'जैन' असे अक्षर लिहिण्याची रीत त्या काळी नव्हती. खाणावळवाल्याने 'शेठ, तुमचे पातेले वेगळे आहे' असे म्हणावे आणि आपण ते मानावे, एवढ्यावर व्यवहार चाले. आमच्यातील कडक आचाराचे बंधू यावर नाक मुरडतील. आमची आजी तर रात्रभर आंबविलेल्या पिठाचे खमणही शिवत नसे. परंतु दोन शब्दांच्या भरवशावर हजारोंचा माल उचलणाऱ्यांनी ताटापुरता तेवढाच भरवसा ठेवला, तर त्यात वावगे ते काय?

फेरीची सुरुवात सुरतेच्या गोपीपुऱ्यापासून केली. देरासरांच्या या वस्तीजवळ फरसाणाचे एक टीचभर दुकान आहे. वडिलांचे बोट धरून आम्ही तेथे प्रथम गेलो. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, आंबवून केलेले खमण तेथे मिळते, बेसनात सोडा घालून झटपट फुगविलेले नव्हे. हा भेद डोळे मिटूनही ओळखता येतो. डाळीच्या खमणास वजन असते आणि घासागणिक कणी दाताखाली येते. लोचोही तेथेच खावा. खमण नीट न जमता सैल राहिले आणि त्या फसगतीलाच लोकांनी डोक्यावर घेतले, अशी त्याची जन्मकथा सांगतात. गुजरातीत लोचो म्हणजे घोटाळाच. तेल आणि शेव घालून, कांदा वगळून आम्ही दोन बश्या संपविल्या. तिसरीचा मोह वैद्यांच्या आज्ञेमुळे आवरला.

दुकानाचे स्वयंपाकघर मात्र ओळखू आले नाही. पूर्वी तेथे पायाखाली ओल असे आणि भिंती धुराने काळ्या झालेल्या असत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग उद्भवला आणि पुढील वर्षी श्री. एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले. उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत शिरून तपासणी करण्याची आणि भीडमुर्वत न ठेवता कारवाई करण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. तेव्हा खाद्यपेयांच्या धंद्यातील पुष्कळ मंडळींनी बोटे मोडली. आमचे मत तेव्हाही निराळे होते व आजही आहे. धान्याच्या वखारीत उंदीर किती नुकसान करतो हे ज्याने पाहिले आहे, तो स्वच्छतेच्या सक्तीविरुद्ध बोलणार नाही.

हिवाळा असल्यामुळे पोंकही मिळाला. कोवळ्या ज्वारीचा हा भाजलेला दाणा, म्हणजे आपल्या हुरड्याचा सुरती भाऊ. लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर तो खाताना आमच्या मनात दर वर्षी एकच विचार येतो, की पेढीचे तोंड न पाहता परस्पर खपणारे हे एकच धान्य असावे. असो.

उधन्याहून गाडी निघाली म्हणजे चलथाण, गंगाधरा, बारडोली, मढी, व्यारा अशी स्टेशने लागतात. बारडोली म्हटले की इतरांस १९२८ चा सत्याग्रह आठवतो. आम्हांस तो आठवून झाल्यावर अळूच्या पानांचे पात्रे आठवतात. मढीची खमणी पळसाच्या पानावर घेऊन खिडकीशी बसावे, आणि ती संपेपर्यंत सोनगडच्या बाजूचे डोंगर दिसू लागावेत, असा आमचा हिशेब असे. २०१८ पर्यंत हा मार्ग दुहेरी आणि विजेचा झाला. पूर्वी समोरची गाडी यावयाची म्हणून आमची गाडी अर्धा-अर्धा तास बाजूच्या रुळावर उभी राही, आणि त्या अर्ध्या तासावर फलाटावरील कितीतरी चुली पेटत. आता गाडी थांबते न थांबते तोच हलते. व्यापारी या नात्याने आम्हांस ही सुधारणा सर्वस्वी मान्य आहे, खमणीवाल्याचा विचार मनात येतो एवढेच.

नवापूरचे स्टेशन तर गंमतीचे. त्याचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. फलाटावर असे एक बाक आहे की त्याच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते. आमच्याबरोबर नेहमी प्रवास करणारे एक दलाल होते. ते चहाचा पेला गुजरातेत घेत आणि बाकावर सरकून महाराष्ट्रात रिकामा करीत. या वेळी आम्ही एकटेच त्या बाकावर बसलो. दलालांना जाऊन आठ वर्षे झाली. त्यांच्या बाजूची जागा आम्ही थोडा वेळ मोकळीच ठेवली होती, पण एक कुटुंब मुलाबाळांसह आले आणि आम्ही सरकून घेतले.

दोंडाईचा हे मिरचीचे आणि धान्याचे मोठे बाजारपेठ. तेथे स्टेशनाजवळ एका गृहस्थांची खाणावळ होती. पोळी, तुरीचे वरण, आणि सुके खोबरे, धणे व तिखट यांवर केलेली शेवेची भाजी. कांदालसणाशिवाय तिला एवढी चव कशी येई, हे त्यांनी कधी सांगितले नाही. एकदा गाडी उशिरा आली आणि दिवस कलला. आता उपवास घडणार असे समजून आम्ही डब्यातून उतरलो, तो हे गृहस्थ झाकलेले ताट घेऊन फलाटावर उभे! 'आधी जेवा, सूर्य तुमच्यासाठी थांबणार नाही' एवढेच ते म्हणाले. फलाटावर वळकटी टाकून, मावळतीकडे तोंड करून, आम्ही तीन पोळ्या खाल्ल्या. या हिवाळ्यात गेलो तर त्या जागी मोबाइलचे दुकान थाटलेले. गल्ल्यावरच्या तरुणास खाणावळीविषयी विचारले, तेव्हा त्याने आमच्या जवळच्या उपाहारगृहांची यादी यंत्रावर काढून दाखविली आणि आपुलकीने पाणी दिले. यादीत पाच ठिकाणी 'जैन थाळी' होती. त्यांपैकी एकात जेवलो. भाजी बरी होती. तथापि वाढप्याच्या हातातील डाव ज्या भांड्यातून आमच्याकडे आला, त्याच भांड्यातून तो शेजारच्या मेजाकडे गेला, आणि शेजारी कांद्याची भाजी होती.

या उलट अनुभव मुंबईचा. आम्ही तरुण होतो तेव्हा दाणाबंदरात महिन्यातून एक फेरी असेच, आणि दुपारचे जेवण काळबादेवीस. १९९० नंतरच्या वर्षांत धान्याचा घाऊक बाजार वाशीस गेला आणि आमची काळबादेवी सुटली. तेथील श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून चालू आहे. यंदा मुद्दाम गेलो. तोच आग्रह, तोच तव्यावरून ताटात येणारा फुलका, डाळ किंचित गोडच. पूर्वी शेजारच्या पानावर बसलेला अनोळखी माणूस हटकून आपल्या धंद्यातला निघे आणि ताक येईपर्यंत हरभऱ्याच्या भावाची गोष्ट निघे. या वेळी शेजारी दोन तरुण जेवणाची छायाचित्रे घेत होते. त्यांनी मात्र आमचेही एक काढले.

आता मुख्य गोष्ट, आमच्या गावची.

चलथाण स्टेशनाच्या रस्त्यावर एक खाणावळ आहे. अण्णा या नावाने सर्वत्र ओळखले जाणारे तिचे मालक खानदेशातील शेतकरी घराण्यातील. कारखान्याचे कामगार, गिरण्यांतील मुले, हंगामात ऊसतोडीसाठी येणारी माणसे, यांच्यावर ती चाले. जेवण कळण्याची भाकरी, वरण, भात, एक भाजी. दाराशी उभे राहून अण्णा अहिराणीत पुकारीत, 'जेवन करी ल्या!' आमची डाळ त्यांच्याकडे जाई आणि आमचे जेवण घरचे, कारण घर हाकेच्या अंतरावर. तरीही घरची मंडळी गावी गेली की आम्ही तेथेच जात असू आणि आमचे पातेले वेगळे असे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनावरून सोमवारी रात्री उपाहारगृहे दारे लावून घेत, ती गोष्ट वडील सांगत. त्यावर अण्णांचे उत्तर ठरलेले, 'ज्यास घरी चूल आहे त्याने सोमवार सोडावा. माझ्याकडे येणाऱ्यास चूलच नाही.'

१९९४ च्या त्या सप्टेंबरात सुरतेतून लाखो माणसे घाबरून बाहेर पडली. गाड्यांच्या टपांवर माणसे, रस्त्यावर माणसे, तोंडाला फडकी बांधलेली. शहरातील उपाहारगृहे बंद. आमच्या गावातही दुकानांची दारे धडाधड लागली, आणि त्यात आश्चर्य नव्हते, कारण आजार कोणाबरोबर येईल हे कोणास ठाऊक? अण्णांनी दार लावले नाही. दुसऱ्या दिवशी ते पेढीच्या मागील दाराशी आले आणि पायरीवरूनच म्हणाले, 'शेठ, आत येत नाही. तांदळाची नऊ पोती आणि डाळीची चार हवीत. पैसे आज नाहीत.' वडील तेव्हा हयात होते. त्यांनी किल्ल्या आमच्याकडे फेकल्या. पाच दिवस त्या खाणावळीत खिचडीखेरीज काही शिजले नाही आणि खाणाऱ्याकडून पैसा घेतला गेला नाही. सर्वांना एकच डाळ, एकच पातेले. कांदालसूण त्यात नव्हता, कारण चिरावयास माणूसच नव्हता!

वर्षअखेरीस ती रक्कम वडिलांनी धर्मादाय खात्यास टाकली. १९९६ च्या पाडव्यास अण्णा वहीपूजनास आले आणि शेवटचा हप्ता गादीवर ठेवला. मधले हप्ते त्यांनी मुनीमजींकडे परस्पर भरले होते. वडील म्हणाले, 'अण्णा, ते खाते मिटले आहे.' अण्णा म्हणाले, 'तुमचा धर्म तुम्ही निराळा करा शेठ. ही खिचडी माझी होती.' ती रक्कम वडिलांनी पांजरपोळास पाठविली, आणि तेव्हापासून अण्णांच्या खात्यास आमच्या पेढीवर मुदत लिहिली जात नाही.

अण्णा आता नाहीत. मुलगा चालवितो. फेरी संपवून आम्ही त्याच्याकडे जेवावयास बसलो. वरण पूर्वीचेच, भाकरी थोडी जाड. पूर्वी दरमहा सहा पोती डाळ जाई, आता दोन जातात. गिरण्यांतून कंत्राटदारांचे जेवण मिळते, आणि तरुण मुलांस पावभाजी व चिनी नूडल्स हव्या असतात. जागेस चांगली किंमत येत आहे, घेणारा वाहनांच्या सुट्या भागांचे दुकान काढू पाहतो. मुलाने आमचा सल्ला विचारला. आम्ही त्यास नफ्यातोट्याचा ताळेबंद मांडून दाखविला. आकडे विकण्याच्या बाजूचे होते आणि ते तसे असल्याचे आम्ही लपविले नाही. मात्र ऊसतोडीची माणसे अजून येतात, त्यांना चूल नाही, हेही सांगितले. त्यास आकडा नव्हता. चिरंजिवांस विचारून मुदत पूर्वीप्रमाणेच न लिहिण्याचे ठरले आणि दोन पोत्यांच्या पैशांची घाई नाही असेही कळविले.

मुलाने इसार अद्याप घेतलेला नाही. तोडीचा हंगाम सुरू होईपर्यंत थांबतो म्हणाला. निघताना आम्ही पैसे देऊ लागलो, तर त्याने भिंतीवर चिकटविलेल्या चौकोनी खुणेकडे बोट दाखविले. आम्हांस ते यंत्र वापरता येत नाही. तेव्हा नातवास बोलावून घेतले, आणि तो आला तसा तोही जेवावयास बसला.