अंकुशकृमी शरीरात कसा टिकतो?

मुरबाड, शहापूर व कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत भाताची लावणी पुष्कळदा अनवाणीच होते. उघड्यावर शौचास बसणाऱ्यास अंकुशकृमीची बाधा असल्यास त्याच्या विष्ठेतील अंडी बांधाच्या सावलीतील ओलसर मातीत उबतात. आठवडा-दहा दिवसांत त्यांतील अळ्या कातडीत शिरण्याजोग्या होतात. अळी आपल्या शरीरातून पाचक प्रथिने सोडते व त्यांच्या योगाने त्वचेतून वाट काढते. तेथे सुटणारी खाज चिखल्यांची समजून दुर्लक्षिली जाते.

पुढे लहान आतड्यात कृमी अस्तरास चावून रक्त पितो. साधी जखम थोड्याच वेळात गोठते. ही गोठत नाही, कारण कृमीच्या स्रावातील प्रथिने रक्त गोठण्याची क्रियाच रोखतात. कृमी जागा बदलतो, तरी जुनी जखम काही काळ वाहत राहते. ॲन्किलोस्टोमा जातीच्या एका कृमीमुळे दिवसाला सुमारे ०.२ घन सेंटिमीटर रक्त जाते. शंभर कृमी असल्यास २० घन सेंटिमीटर. लावणीच्या बाईस येणारी धाप व थकवा नेहमी कष्टाचाच असतो असे नाही.

स्रावातील आणखी काही प्रथिने शरीराची प्रतिकारशक्ती मंद करतात. त्यामुळे गोवराप्रमाणे एकदा होऊन कायमची सुटका होत नाही; औषधाने कृमी पडले तरी अनवाणी पायांस पुन्हा बाधा होते. शौचालय व पादत्राणे यांवाचून गोळीचा गुण टिकत नाही.

२०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडी व शाळांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांस अल्बेंडाझोल देतात. त्याहून मोठ्या शेतकरी स्त्रिया त्यात येत नाहीत. कार्यकर्त्यांनी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त व विष्ठा तपासणीस न्यावे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नये.